छाती भाड्याने देणे आहे

सातारा-सांगलीकडच्या आईबापांना पोरगा परदेशात काय करतो हे सांगायला पूर्वी एक शब्द पुरायचा. इंजिनिअर. डॉक्टर. जहाजावर. हल्ली "तो पार्टनरशिप्समध्ये आहे" असे म्हणतात आणि घाईघाईने चहाचे विचारतात, कारण पुढचा प्रश्न आला तर त्याचे उत्तर त्यांनाही ठाऊक नसते. मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो. चिरंजीव भाड्याने जागा देतात. खेळाडूच्या छातीवरची जागा, बाहीवरची जागा, सीमारेषेच्या दोरीवरची जागा, पत्रकार परिषदेत कप्तानाच्या डोक्यामागे जो फळा असतो त्यावरची चौकोनी जागा. मालक वेगळा, भाडेकरू वेगळा, चिरंजीव मधले. सांगलीच्या मार्केट यार्डात असे मधले पुष्कळ बसतात. फरक एवढाच, की त्यांना हळदीची पारख असते.

कोणा एकाचे नाव घेत नाही. असे बरेच चिरंजीव जवळून पाहिले आहेत, त्या सगळ्यांचा मिळून एक काढा केला आहे. खाई त्याला खवखवे.

या करिअरची सुरुवात कुठे होते? मैदानावर नक्कीच नाही. चिरंजीव शाळेत पीटीच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी आणणारे. पुढे इंजिनिअरिंग, कारण आपल्याकडे बारावीनंतर दुसरे काही असते हे घरात कोणी बोललेलेच नाही. चार वर्षांनी साक्षात्कार होतो की आपली खरी ओढ 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट'कडे होती. मग ब्रिटनमधली एक वर्षाची मास्टर्स, आणि तिच्यापायी वाळवा तालुक्यातली दीड एकर बागायत बँकेकडे तारण. २०२१ च्या जुलैपासून ब्रिटनने शिक्षण संपलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना दोन वर्षे राहून काम करायची मुभा दिली आणि आपल्याकडे या विद्येची गोडी अचानक वाढली. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही असे ज्याला वाटते, त्याने हा लेख इथेच सोडावा. आपले जमणार नाही.

पहिली नोकरी क्लबातच लागते, हे खरे. काम? फोनवरून तिकिटे विकणे. मग बढती 'हॉस्पिटॅलिटी'त, म्हणजे श्रीमंतांना सामना न बघता जेवता यावे म्हणून काचेमागच्या खोल्या विकणे. मग एक दिवस साहेबाच्या ध्यानात येते की हा पोरगा हिंदी बोलतो, आणि हिंदी बोलणाऱ्यांकडे पैसा आलेला आहे. त्या दिवशी भाग्योदय. २०२४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण किमान अट ३८,७०० पौंडांवर नेली, तेव्हा ज्यांचा हात तिथवर पोचेना त्यांनी दुबई गाठली. तिथे पगारावर प्राप्तिकर नाही. शिवाय २००५ साली आयसीसीच लॉर्ड्स सोडून दुबईला गेली. क्रिकेटची गादीच जिथे हलली, तिथे चिरंजीवांनी का हलू नये?

आता यातली खरी गंमत ऐका. साहेबांच्या क्लबांसाठी आणि बोर्डांसाठी चिरंजीव जो पैसा आणतात, तो कुठला? आपलाच. २०११ च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या जर्सीवर अमूल. २०२४ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात अमेरिकेच्या जर्सीवर अमूल, आणि स्कॉटलंड-आयर्लंडच्या जर्सीवर नंदिनी. नंदिनी म्हणजे कर्नाटकातल्या दूध उत्पादकांचा महासंघ. मिरजेहून म्हैसाळ मागे टाकले की कागवाड, आणि कागवाड म्हणजे कर्नाटक. आपल्या शेजारच्या गोठ्यातले नाव अंगावर घालून स्कॉटिश पोरे वेस्ट इंडिजमध्ये धावली. मला यात काडीचेही वावगे वाटत नाही. गवळ्याने खुशाल जग जिंकावे. पण अशा व्यवहाराला 'सीमापार धोरणात्मक भागीदारी' म्हणून त्यावर दोन-दोन तास प्रवचने झोडायची? कागवाडची हद्द ओलांडायला लंडनमार्गे जायचे, आणि वर त्याला दिग्विजय म्हणायचे?

२०२५ साली इंग्लंडच्या 'द हंड्रेड' स्पर्धेतल्या संघांची मालकी विक्रीला निघाली. ओव्हलच्या संघात रिलायन्स शिरले, मँचेस्टरच्या संघात लखनौच्या आयपीएल संघाचे मालक, आणि लीड्सचा संघ अख्खाच्या अख्खा चेन्नईच्या सन समूहाने घेतला. साहेबाला मुंबई-चेन्नईची दारे ठोठावायला आपल्यातलाच कोणी लागतो. तो चिरंजीव. परदेशात जाऊन देशाकडेच हात पसरण्याच्या या कर्माला ते 'ग्लोबल करिअर' म्हणतात. म्हणू देत बापडे.

त्यांचे एकमेव हत्यार म्हणजे डेक. पीपीटी म्हणू नका, राग येतो. एक मी नीट पाहिला आहे. पहिल्या पानावर सूर्योदय. दुसऱ्यावर जगाचा नकाशा, त्यावर गोवर उठल्यासारखे ठिपके. तिसऱ्यावर 'आमची मूल्ये': समुदाय, सचोटी, वारसा. चौथ्यापासून दरपत्रक: छाती अमुक, बाही तमुक, सरावाचा शर्ट, पाण्याची बाटली, राखीव खेळाडूंची खुर्ची. सगळ्याला दर होता. सचोटीचा तेवढा दिलेला नव्हता. शेवटच्या पानावर 'अधिकृत' भागीदारांचे प्रकार. हे प्रकरण कुठवर जाते याची कल्पना नसेल तर सांगतो: मँचेस्टर युनायटेडने टायरचा भागीदार केला, तो आपला अपोलो, २०१३ साली, आणि नूडल्सचाही अधिकृत भागीदार केला, तो जपानी. फुटबॉल आणि नूडल्स यांचा संबंध काय? तोच, जो चिरंजीवांचा आणि खेळाचा.

आणि ज्यांच्या नावाने ही 'सचोटी' विकली जाते, त्या नावांची अवस्था पाहा. आपल्या क्रिकेट संघाच्या छातीवर वर्षानुवर्षे सहारा होते. २०१३ अखेर ते उतरले आणि २०१४ च्या मार्चमध्ये त्यांचे प्रमुख तुरुंगात गेले. बायजूज तर २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचेही प्रायोजक झाले, त्यावर चिरंजीवमंडळींनी केवढा आनंदोत्सव केला! दोन वर्षांत क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीपायी कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत. मग ड्रीम इलेव्हन. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि करार अर्ध्यावर सुटला. प्रत्येक वेळी डेकवरचे शब्द मात्र तेच: विश्वास, दीर्घकालीन नाते, समान मूल्ये. लग्न जमवणारे मध्यस्थसुद्धा तिसऱ्या काडीमोडानंतर भाषा जरा बदलतात हो.

इथवर मला तक्रार नव्हती. ज्याची जागा त्याने विकावी, ज्याला हौस त्याने घ्यावी. पण डिसेंबरात चिरंजीव सुट्टीवर येतात, आणि गावात त्यांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, साताऱ्यात झाला तर कंदी पेढे. आणि मग ते आपल्याला शिकवू लागतात. 'सातारा-सांगलीला ब्रँडिंगच नाही,' हे पहिले वाक्य. 'स्मृती मानधना आमच्या सांगलीची,' हे दुसरे. तिथे टाळ्या ठरलेल्या. तिसरे वाक्य हे, की इथल्या संस्थांनी, मैदानांनी, सभागृहांनी आपापली नावे कंपन्यांना भाड्याने द्यावीत. 'नेमिंग राइट्स'. जगभर चालते.

जगभर चालत असेल. साताऱ्यात हा प्रस्ताव शिळा आहे. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, अट एकच: नाव त्याचे लावायचे. कर्मवीरांनी त्याला काय उत्तर दिले ते साताऱ्यात अजून सांगतात: एक वेळ बापाचे नाव बदलीन, महाराजांचे बदलणार नाही. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेकडे तेव्हा पैशाचा पूर आला होता काय? 'कमवा आणि शिका' म्हणून पोरांच्या हाती कुदळ देणारी ती संस्था. डेकच्या कोणत्या पानावर हा व्यवहार बसतो ते चिरंजीवांनी सांगावे. तोट्याच्या बहुधा.

जुने ते सगळे सोने, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. सांगलीलाच विचारा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवले ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबारचा आश्रय आटला, आणि मराठी रंगभूमीच्या जनकाला चंबूगबाळे उचलून गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. प्रायोजक गेला की कलावंत रस्त्यावर, हा धडा सांगलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी गिरवला आहे. त्यासाठी मास्टर्स करावी लागली नाही.

आणि आता तारण ठेवलेल्या मालमत्तेबद्दल. वाळव्याची दीड एकर वर आलीच आहे. दुसरे तारण कोल्हापूरचे, पण पैलवान साताऱ्याचा: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. मुंबई सरकारकडे मागितले, मिळाले नाहीत. गावाने, दुकानदारांनी जमेल ते दिले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून प्राचार्यांचे पैसे फेडायची तजवीज केली असे सांगतात. खर्डेकरांनी त्या पैलवानाच्या लांगेवर स्वतःचे नाव छापून मागितल्याची नोंद कुठे सापडत नाही.

तो काळ वेगळा होता, म्हणाल. बरे, आजचा घ्या. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य जिंकले. त्या स्पर्धेतले भारताचे पहिले पदक. घरचा व्यवसाय पानटपरी आणि चहा. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली, वय १७. सराव उसाच्या रानातल्या अकादमीत, वडील शाळामास्तर, धनुष्यासाठी कर्ज. बर्मिंगहॅम, बर्लिन, ही तर चिरंजीवांचीच कार्यक्षेत्रे! पदकाआधी यांच्यापैकी कितीजणांनी एक डेक या पोरांसाठी बनवला? पदकानंतरचे अभिनंदनाचे स्टेटस धरू नका. ते मी मोजले आहेत, भरपूर होते.

बाहेर गेलेल्या माणसाने गावाकडे पैसा कसा वळवावा, हे बघायचे असेल तर विट्याकडे या. खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव दुष्काळाला कंटाळून घराबाहेर पडले आणि सोन्याचांदीची गाळणी करत देशभर पसरले. केरळात भेटतील, उत्तरेत भेटतील. यात्रेला गावी येतात. कुस्तीच्या मैदानाचे पत्रक वाचा: एक नंबरच्या कुस्तीचे इनाम कोणातर्फे, दोन नंबरचे कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, पंचांचे फेटे कोणाचे, सगळे छापलेले. हौस त्यांनाही आहे, दांडगी आहे. फ्लेक्सवर त्यांचा फोटो मारुतीरायापेक्षा मोठा असतो, सोन्याच्या साखळीसकट. पण हलगी कडाडते, निवेदक नाव पुकारतो, गलाईवाला आखाड्यात उतरतो आणि हजारो डोळ्यांसमोर इनाम पैलवानाच्या हातात देतो. मध्ये कोणी नाही. देणारा दिसतो, घेणारा दिसतो, रक्कम ऐकू येते. चिरंजीवांच्या दोनशे पानी करारांत या तीनपैकी एकही गोष्ट धड दिसत नाही, कारण दिसली तर मधल्याची गरजच संपेल.

म्हणून माझा निकाल साधा आहे. चिरंजीवांनी दुबईत, लंडनात जागा विकाव्यात, कमिशन खावे, वाळव्याची जमीन सोडवावी. मेहनतीची नोकरी आहे, कोणी नावे ठेवणार नाही. मात्र तिला समाजकार्य म्हणू नये, आणि आम्हाला ब्रँडिंग शिकवू नये. आणि तुम्ही वाचक, जे येत्या डिसेंबरात सत्काराच्या समितीवर असाल, तुम्हाला एक विनंती. शाल घालण्याआधी पाहुण्याला माइकवरच विचारा: आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या खेळाडूला, पदक मिळण्याआधी, तुमच्यामुळे किती रुपये मिळाले? आकडा आला तर फेटाही बांधा. नाही आला, तर नारळ फोडून प्रसाद वाटून टाका आणि शालीचे पैसे तालमीच्या खुराकाला द्या.