विसावा कोणाच्या वाट्याला?

‘स्कूल’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ फुरसत. अमेरिकेतील काही ख्रिस्ती शाळा आज या अर्थाची आठवण देतात. १९४८ साली फुरसतीला संस्कृतीचा पाया ठरविणाऱ्या योझेफ पीपर या जर्मन तत्त्वज्ञाचा दाखलाही देतात. मोजके विषय, सावकाश वाचन, निवांत चर्चा. हेतू स्तुत्यच. परंतु तेथील विद्यार्थ्याचा दिवस महाविद्यालयीन प्रवेशाच्या चढाओढीने गिळला आहे: गुण, खेळ, समाजसेवासुद्धा (तीही अर्जात नोंदवायची!). ही चढाओढ केवळ वेळापत्रक बदलून कशी थांबणार? शिवाय या शाळा बहुतांशी फीवर चालतात. संध्याकाळी दुकानात राबणारा मुलगा तेथे पोहोचतच नाही. बायबलमधील शब्बाथाच्या आज्ञेने तर दास-दासींनाही विसावा दिला होता.