डोंगर अवघड आहे, पण लबाड नाही!

दोस्तांनो, 'कच्चं लिंबू' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाशिवीत किंवा लपाछपीत एखादं शेंडेफळ सगळ्यांच्या मागे मागे धावतं, 'मला पण घ्या ना' म्हणून भोकाड पसरतं. मग मोठी मुलं त्याला खेळात घेतात. ते बाद झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. आणि गंमत म्हणजे, आपल्याला सवलत मिळतेय याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो!

आज आपण एका अशा संगणक-खेळाची ओळख करून घेणार आहोत, जो अवघड म्हणून प्रसिद्ध आहे आणि तरीसुद्धा खेळणाऱ्या प्रत्येकाला गुपचूप थोडंसं कच्चं लिंबू समजतो. खेळाचं नाव 'सेलेस्ट'. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी मिळून तो अवघ्या चार दिवसांत तयार केला. आणि खेळायला पैसे? एकही नाही! इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये तो फुकट खेळता येतो. पुढे २०१८ साली याच नावाचा एक भलामोठा खेळ आला. तो मात्र विकत घ्यावा लागतो. म्हणून आपल्या या छोट्या, फुकटच्या खेळाला आता 'सेलेस्ट क्लासिक' म्हणतात.

गोष्ट एका ओळीची

लाल केसांची एक मुलगी आहे. तिला डोंगर चढायचा आहे. झाली गोष्ट!

डोंगराचा एक टप्पा म्हणजे एक पडदा. पहिल्या पडद्यावर अक्षरं उमटतात, '१०० मीटर'. तो पार केला की २०० मीटर, मग ३०० मीटर... असे तीस टप्पे चढलात की मग शिखर. प्रत्येक टप्प्यात खालून निघायचं आणि वरून बाहेर पडायचं. मध्ये काटे आहेत, पाय ठेवताच ढासळणारे दगड आहेत, उंच उडवणाऱ्या स्प्रिंगा आहेत, तरंगणारे ढग आहेत. वाटेत स्ट्रॉबेरीही आहेत. (महाबळेश्वरच्या नव्हेत, त्यामुळे तोंडाला पाणी सोडू नका!) त्या गोळा केल्याच पाहिजेत असं नाही, पण त्या दिसल्यावर सोडवत नाहीत.

उड्या मारत, फळ्यांवरून फळ्यांवर जात पुढे सरकायच्या अशा खेळांना 'प्लॅटफॉर्म गेम' म्हणतात. तुमच्या आई-बाबांना विचारा. त्यांच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असे आणि त्यात 'कॅसेट' घालावी लागे. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची, हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय! त्या कॅसेटमधला मिशीवाला मारिओ १९८५ सालचा. तो अख्खा खेळ फक्त ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट जागा खातो. जागेची इतकी तंगी, की मारिओच्या खेळातले ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र आहे. फक्त रंग बदललाय! विश्वास बसत नसेल तर नीट बघा.

मुद्दाम ओढवून घेतलेली तंगी

मारिओच्या वेळी ती तंगी नाइलाजाची होती. 'सेलेस्ट'च्या वेळी ती मुद्दाम ओढवून घेतलेली आहे. हा खेळ 'पिको-८' नावाच्या यंत्रासाठी बनवलाय आणि मजा अशी, की हे यंत्र कुठल्याही कारखान्यात कधी तयारच झालेलं नाही! जोसेफ व्हाइट यांनी कल्पनेतलं एक जुनाट यंत्र रचलं आणि ते आपल्या संगणकात एका प्रोग्रॅमच्या रूपात चालतं. त्याचे नियम कडक आहेत. पडदा १२८ ठिपके रुंद आणि १२८ ठिपके उंच. रंग फक्त सोळा. एका वेळी वाजणारे आवाज फक्त चार.

आपली डोंगर चढणारी मुलगी किती ठिपक्यांच्या चौकटीत बसते, सांगा पाहू? आठ बाय आठ! म्हणजे चौकटीच्या वहीतली फक्त ६४ घरं. एवढ्यात तिचे केस, चेहरा, हात-पाय सगळं आलं.

मग कुणी म्हणेल, आजच्या झकपक चित्रांच्या काळात हा ठिपक्या-ठिपक्यांचा खेळ कोण खेळणार? पण दोस्तांनो, थोडंच सामान असलं की प्रत्येक वस्तू कामाची ठेवावी लागते. इथे पडद्यावर जे दिसतं, ते काही ना काही सांगत असतं. याचं उत्तम उदाहरण म्हणजे तिचे केस!

केस लाल की निळे?

खेळायला बाणांची बटणं आणि आणखी दोनच बटणं लागतात. 'सी' दाबलं की उडी. 'एक्स' दाबलं की झेप. झेप म्हणजे हवेतल्या हवेत मारलेली मुसंडी. ती आठ दिशांपैकी कुठेही घेता येते. भिंतीला चिकटून घसरताना उडी दाबली, तर भिंतीवरूनही उसळी मारता येते.

पण सुरुवातीच्या टप्प्यांत हवेत झेप एकदाच मिळते बरं का! झेप शिल्लक असली की केस लाल. वापरली की केस निळे. पाय जमिनीला लागले किंवा वाटेतल्या एखाद्या फुग्याला स्पर्श झाला, की केस पुन्हा लाल. कोपऱ्यात आकडे नाहीत, सूचना नाहीत. तुमची नजर जिच्यावर आहे, तीच तुम्हाला सगळं सांगते.

एवढ्या तुटपुंज्या सामानातून किती कोडी निघतात, ते बघा. काही टप्प्यांवर पंख असलेली स्ट्रॉबेरी दिसते. तिच्याजवळ जायला तुम्ही झेप घेतलीत रे घेतलीत, की ती भुर्रकन उडून जाते! म्हणजे ती हवी असेल तर झेप वापरायचीच नाही. फक्त उड्या आणि भिंती. जो टप्पा झेप घेऊन चुटकीसरशी पार होतो, तोच आता डोकं खाजवायला लावतो.

आता ते गुपित

हा खेळ तुम्हाला पाडणार. एकदा नाही, शंभरदा पाडणार. पण तो लबाडी करत नाही. उलट तुमच्या बाजूने थोडी लबाडी करतो! कशी, ते ऐका.

खेळ दर सेकंदाला तीस चित्रं दाखवतो. तुमचा पाय कड्याच्या टोकावरून सुटला, तरी पुढची सहा चित्रं होईपर्यंत तुम्ही उडी मारू शकता. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग! खरं तर तेव्हा तुम्ही हवेत असता. पण खेळ म्हणतो, 'जाऊ दे, जमिनीवरच होता असं समजू.' खेळ बनवणारे लोक या सवलतीला 'कायोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी आठवतो ना, जो कड्यापलीकडे हवेत धावत राहतो आणि खाली पाहिल्यावरच पडतो? त्याच्यावरून हे नाव पडलं.

दुसरी सवलत याच्या उलट. पाय जमिनीला टेकायच्या किंचित आधी घाईने उडीचं बटण दाबलं, तर खेळ ते विसरत नाही. चार चित्रांपर्यंत लक्षात ठेवतो आणि पाय टेकले की उडी देतो.

तिसरी. मुलगी आठ बाय आठ घरांत काढलेली असली, तरी काटे लागायचं तिचं अंग खेळाच्या हिशेबात फक्त सहा बाय पाच घरांचं आहे. म्हणून काटा केसांना घासून गेला तरी तुम्ही वाचता आणि 'हुश्श! थोडक्यात वाचलो!' म्हणता.

चौथी सवलत काट्यांची. टोक वर असलेल्या काट्यांवर तुम्ही वरून पडलात तरच ते टोचतात. खालून वर जाताना ते काहीच करत नाहीत.

पाहिलंत? सगळी कच्च्या लिंबाची वागणूक! पण ती कळू न देता केलेली. म्हणून टप्पा पार झाल्यावर वाटतं, 'हे मी केलं.' आणि ते खरंच असतं. कारण कितीही सवलत दिली तरी उडी तुम्हालाच मारावी लागते.

पडण्याची किंमत किती?

जुन्या मारिओत सुरुवातीला तीन जीव मिळायचे. ते संपले की खेळ खलास. 'सेलेस्ट'मध्ये जीव मोजलेच जात नाहीत. काट्यावर पडलात की मुलीचे आठ ठिपके आठ दिशांना उडतात आणि अर्ध्या सेकंदात ती त्याच टप्प्याच्या पायथ्याशी पुन्हा हजर! मागचे टप्पे वाया गेले नाहीत.

आता विचार करा. वर्गात गणित चुकलं की मार्क जातात. म्हणून आपण चूक लपवतो, खोडरबराने पुसून टाकतो. आपलं कुठे चुकलं, हे बघायचीही भीती वाटते. इथे चूक इतकी स्वस्त आहे, की तिच्याकडे निवांत बघता येतं. 'उडी लवकर मारली. झेप सरळ घेतली, तिरकी हवी होती.' चूक स्वस्त झाली की माणूस शिकायला लागतो. अवघड खेळ आणि त्रासदायक खेळ यांतला फरक हाच.

शिखरावर पोहोचलात की एक झेंडा दिसतो आणि तिथे तुमचं प्रगतिपुस्तक लिहिलेलं असतं. किती स्ट्रॉबेरी मिळाल्या, किती वेळ लागला आणि किती वेळा मेलात! हा शेवटचा आकडा बघून लाजू नका. तीनशे असला, तर तुम्ही तीनशे वेळा उठलात असा त्याचा अर्थ.

पण सावधान!

आता नाण्याची दुसरी बाजू. अर्ध्या सेकंदात पुन्हा सुरू होणारा खेळ सोडायचा कधी? जुन्या खेळांत जीव संपले की हात थांबायचे, पाणी प्यायला तरी उठणं व्हायचं. इथे ती उसंतच मिळत नाही. 'शेवटचं एकदाच' म्हणता म्हणता तास जातो. शिवाय या छोट्या खेळात मधली प्रगती साठवून ठेवायची सोय नाही. पान बंद केलंत की पुन्हा १०० मीटरपासून सुरुवात! १८०० मीटरवर असताना आईने जेवायला हाक मारली, की घरात रणधुमाळी ठरलेली.

म्हणून तीन नियम पाळा. एक, सुरू करण्याआधीच किती वेळ खेळणार ते घरात सांगा. दोन, हाक आली की 'पी' बटण दाबा. खेळ आहे तिथे थांबतो, तुम्ही जेवून येऊ शकता. तीन, एकाच जागी, एकाच तऱ्हेने दहा वेळा पडलात, तर अकराव्यांदा खेळू नका. हात मागे घ्या आणि नुसतं बघा. ढग कुठून कुठे जातो? फुगा कुठे आहे? केस कधी निळे होतात? बऱ्याचदा बोटांचं नाही, डोळ्यांचं चुकलेलं असतं.

पालकांसाठी दोन शब्द

मूल स्वतःवरच चिडून बटणं आपटू लागलं, तर खेळ ओरडून बंद करण्यापेक्षा 'हा टप्पा झाला की ऊठ' असं सांगून पाहा. आणि एकदा शेजारी बसून तुम्हीही दोन टप्पे खेळा. तुम्ही पडाल, मूल हसेल आणि कसं खेळायचं ते तुम्हाला शिकवायला लागेल. ज्या मुलांना बोटांच्या वेगाची अडचण आहे, त्यांच्यासाठी २०१८ च्या मोठ्या खेळात वेग कमी करण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही.

आता तुमची पाळी

चौकटीची वही घ्या. सोळा घरं आडवी, सोळा घरं उभी आखा. 'सेलेस्ट'चा एक पडदा बरोबर एवढाच असतो. त्यात जमीन, काटे, एक स्प्रिंग आणि एक स्ट्रॉबेरी काढा. नियम असा, की एक उडी आणि एक झेप एवढ्यावर वर पोहोचता आलं पाहिजे. मग मित्राला द्या आणि बोटाने वाट दाखवायला सांगा. तो अडकला, तर लगेच 'हरलास!' म्हणून ओरडू नका. बघा, की टप्पा अवघड झालाय की नुसता लबाड. लबाड असेल तर एक काटा खोडा.

जमलं तर पुढच्या आठवड्यात दुसरा पडदा आखा. भेटूच!