महिना कुठे संपतो?

आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत भिंतीवर दोन कॅलेंडरे असतात, एक मराठी आणि एक कन्नड. आपला गुढीपाडवा अव्वाची उगादी होते, आपला वद्य पक्ष तिकडे बहुळ होतो. पण त्यावरून भांडण होत नाही, कारण दोन्हीकडे महिना अमावास्येलाच संपतो.

सौंसरला दिलेल्या माझ्या मावसबहिणीला ही सोय नाही. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात. घरात मराठी बोलणे, भिंतीवर नागपूरचे कॅलेंडर, पण गुरुजींच्या हातात हिंदी पंचांग, आणि त्यात महिना पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच. वद्य पक्ष लागला की हिंदी पंचांग एक महिना पुढे. श्रावण अमावास्येचा पोळा तिथे भाद्रपद अमावास्येचा होतो. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार ठरलेली. बैलांना आणि दगडांना महिन्याचे नाव कुठलेही चालते.

श्राद्धाला चालत नाही. मावशी गेली माघ वद्य पंचमीला. वर्षश्राद्धासाठी मामांनी ही तिथी फोनवर कळवली. गुरुजींनी आपल्या पंचांगात माघ कृष्ण पंचमी काढून दिली, ती बरोबर एक महिना अलीकडची! आई गेली तेव्हा महाशिवरात्रीला नऊ दिवस उरले होते हे बहिणीच्या लक्षात होते, म्हणून तिने हटकले. नाहीतर आईचे पान चुकीच्या दिवशी वाढले गेले असते.

तिचा मुलगा संगणकातला. तो म्हणाला, "मावशी, आमच्या कर्नलमध्येही हेच होतं." कर्नल म्हणजे संगणकाच्या व्यवस्थेचा गाभा, यंत्राशी थेट बोलणारा. लिनक्सच्या कर्नलमध्ये घड्याळाच्या चिपकडून आलेली तारीख ज्या साच्यात ठेवतात, त्यात महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी ०, डिसेंबर ११. वर्ष १९०० पासून, म्हणजे २०२३ तिथे नुसते १२३. छापताना एक मिळवायचा राहिला की तारीख महिनाभर अलीकडे. मावशीच्या श्राद्धासारखीच!

पूर्वी ड्रायव्हर लिहिणारा जो तो ही बेरीज आपली आपण करी आणि तारीख आपल्या रीतीने छापी. २०१९ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीत अँडी शेव्हचेन्को यांनी तयार केलेली 'पीटी' ही छपाईची खूण आली. बेरीज एकाच जागी, क्रमही एकच: वर्ष, महिना, दिवस, मग वेळ. हा क्रम आयएसओ ८६०१ या १९८८ च्या मानकातला. पांढुर्णा जिल्हा झाला ५ ऑक्टोबर २०२३ ला. ते ०५/१०/२०२३ असे लिहा, अमेरिकेतला भाचा १० मे वाचेल. २०२३-१०-०५ लिहिले की घोळ नाही. जुने ड्रायव्हर मात्र एकेक करूनच बदलावे लागतात.

मला पटले ते एवढेच, की आतली मोजणी कोणी मोडली नाही. आत जानेवारी अजून शून्यच आहे, बाहेर सांगण्याची रीत तेवढी एक केली. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग आणले. ते राजपत्रावर छापले जाते, श्राद्धाला त्याला कोण विचारतो?

मामा आता तिथीच्या पुढे 'महाराष्ट्राचे पंचांग' असे जोडून सांगतात. त्यावर आमच्या वहिनी विचारतात, "मग आमच्या धारवाडच्या पंचांगाचं काय?" वहिनी, ते आपल्याच बाजूचे आहे.