पगार नव्वद दिवसांनी

इशाची नमाज झाली, जेवणे उरकली की बहुतेक घरांत एखादी मालिका चालू असते. मालिकेतल्या सुनेच्या बांगड्यांचा रंगही आपल्या बायकांना पाठ असतो. पण त्या सुनेला पैसे कसे मिळतात, कधी मिळतात, हे विचारले तर कुणालाच सांगता येत नाही. आम्हालाही येत नव्हते. दोन महिन्यांपूर्वी एका भगिनीचे पत्र आले आणि शोध घ्यावा लागला.

कुटुंब मूळ रत्नागिरीकडचे, आता राहणार मुंबईलगत. मुलगी बी.कॉम. झालेली. कॉलेजच्या नाटकात काम करायची. कुणाच्या ओळखीने ऑडिशन दिली, मग लुक टेस्ट झाली, आणि एका हिंदी मालिकेत नायिकेच्या नणंदेचे काम मिळाले. घरी चौदा पानी इंग्रजी करार आला. अब्बांचा सरळ नकार. मुलगी म्हणते, आजच सही करते. आईने आम्हाला लिहिले, "काम करू द्यायचे की नाही ते आम्ही घरात ठरवू. पण या कागदात महिन्याचा पगार कुठे लिहिलेलाच नाही. नुसते 'पर डे' लिहिले आहे. ही नोकरी आहे की काय आहे?"

प्रश्न अगदी नेमका होता. आम्ही तो करार एका वकील स्नेह्यांना दाखवला आणि सेटवर काम केलेल्या दोघा-तिघांशी बोललो.

पहिली गोष्ट ही, की ही नोकरी नव्हेच. गोरेगावची फिल्मसिटी, मढ, नायगाव, ठाण्याचा घोडबंदर रोड, कुठल्याही सेटवर जा, बहुतेक कलाकार दिवसाच्या दरावर असतो. ज्या दिवशी कॉल येईल त्या दिवसाचे पैसे. कॉल नाही तर पैसे नाहीत. मुख्य भूमिका करणाऱ्यांना महिन्याला किमान इतके दिवस काम देऊ, अशी हमी करारात मिळू शकते. नणंद, मावशी, शेजारीण यांना ती मिळतेच असे नाही. लेखकाने कथेचा ट्रॅक दुसरीकडे वळवला की नणंद महिनाभर 'गावाला' जाते आणि कलाकार घरी बसते. भरपगारी रजा, प्रॉव्हिडंट फंड, आजारपणाचा पगार हे सहसा नसतेच.

हिशेब उदाहरणाने पाहू. दिवसाचा दर चार हजार रुपये धरा आणि महिन्यात बारा दिवस काम. झाले ४८ हजार. काम मिळवून देणारा को-ऑर्डिनेटर आपला वाटा घेतो. तो दहा टक्क्यांपासून वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत असू शकतो. वीस धरला तर ९,६०० गेले. दहा टक्के टी.डी.एस. कापला जातो, म्हणजे आणखी ४,८००. हातात उरले ३३,६००. टी.डी.एस.ची रक्कम वर्षअखेरीस रिटर्न भरले तर, कर लागत नसल्यास, परत मिळते. पण रिटर्न भरायचे हेच अनेक नवख्या मुलामुलींना कुणी सांगत नाही.

आणि हे ३३,६०० तरी कधी मिळणार? या धंद्यात वर्षानुवर्षे चालत आलेली रीत नव्वद दिवसांची आहे. जूनमध्ये काम केले, महिन्याच्या शेवटी बिल दिले, पैसे सप्टेंबरच्या अखेरीस. चॅनेल पैसे देते प्रॉडक्शन हाऊसला, तेही भागाच्या हिशेबाने आणि मागाहून. प्रॉडक्शन हाऊस पुढे कलाकार आणि कामगारांना देते. या साखळीत सर्वांत शेवटी उभा असलेला माणूस सर्वांत जास्त थांबतो. म्हणजे मालिकेत पडद्यावर दिसू लागलेल्या मुलीचे भाडे, रिक्षा, जेवण हे पहिले तीन महिने घरूनच जाणार, हे धरून चालावे.

खरी अडचण मालिका बंद पडते तेव्हा होते. टीआरपी घसरला की थोड्या दिवसांच्या सूचनेवर मालिका गुंडाळली जाते, आणि शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे तेव्हाही यायचेच असतात. काम संपलेले, सेट मोडलेला, फोन उचलणारा माणूस दुसऱ्या मालिकेवर गेलेला. थकबाकीच्या तक्रारी इथेच जन्माला येतात. १९ मार्च २०२० पासून कोरोनामुळे शूटिंग थांबले तेव्हा हे सर्वांना दिसले. आधी केलेल्या कामाचे पैसे अडकलेले आणि नवे काम नाही. सिंटा ही कलाकारांची आणि एफडब्ल्यूआयसीई ही कामगारांची संघटना. नव्वदऐवजी तीस दिवसांत पैसे मिळावेत, अशी मागणी त्या वेळी या संघटनांनी लावून धरली. सरकारने शूटिंगला परवानगी दिली तेव्हा ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर बंदी होती. मालिकांतल्या आजी-आजोबांची रोजीच बंद झाली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. दिवसाच्या दरावर जगणाऱ्याला 'घरी सुरक्षित राहा' या सल्ल्याची काय किंमत पडते, ते तेव्हा कळले.

आता करारातल्या अटी. आमच्या वकील स्नेह्यांनी तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या.

पहिली खूण नोटिशीवर. निर्माता कधीही, कारण न देता काढू शकेल, पण कलाकाराने सोडायचे तर साठ दिवसांची नोटीस आणि नुकसानभरपाई. नोटीस दोन्हीकडे सारखी असावी, हे मागायला हरकत नाही.

दुसरी खूण बांधिलकीवर. मालिका चालू असताना दुसरीकडे काम करायचे नाही, ही अट नेहमीची आहे आणि सहसा टिकते. अशा वेळी किमान दिवसांची हमी मागणे रास्त ठरते, कारण बाहेरचे काम बंद आणि इथे कॉल नाही, असे झाले तर खायचे काय? पण या करारात मालिका संपल्यावरही एक वर्ष बंदी होती. करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. आपल्या श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याचा खटला याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीच्या करारात अशी अट होती, की मुदत संपल्यावरही दुसरीकडून प्रस्ताव आला तर पहिली संधी कंपनीला द्यावी. २००६ मध्ये न्यायालयाने ती अट मान्य केली नाही. मुदत संपली की माणूस मोकळा.

तिसरी खूण कामाच्या तासांवर. शिफ्ट बारा तासांची, पण त्यापुढे थांबवले तर काय, याबद्दल करार गप्प होता.

कायदाही हळूहळू या धंद्यापर्यंत पोहोचतो आहे. १९८१ चा सिने कामगार कायदा चित्रपटांपुरता होता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक श्रम संहिता २०२० सालची. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात मालिकांसारखे दृकश्राव्य कार्यक्रम आले. मानधनाच्या ठरावीक मर्यादेत बसणाऱ्यांना लेखी करार दिला पाहिजे आणि त्यात मोबदला, तास, सुविधा लिहिल्या पाहिजेत, असे ती सांगते.

लहान मुलांच्या बाबतीत नियम आणखी स्पष्ट आहेत, आणि आईबापांनी ते पाठच करावेत. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे. ती रक्कम मुलाची आहे, घराच्या हप्त्यासाठी नाही.

त्या भगिनीला आम्ही एवढेच कळवले. आपण निकाहनाम्यात महर किती, त्यातला नकद किती आणि उधार किती, हे लिहून घेतो. संशय असतो म्हणून नाही, पुढे कुणाला आठवणीवर भांडावे लागू नये म्हणून. तसेच इथे दिवसाचा दर, पैसे मिळण्याची तारीख, नोटीस, को-ऑर्डिनेटरचा वाटा, सारे लिहून घ्या. सही केलेली एक प्रत आपल्याकडे ठेवा. मुलीने एक वही करावी आणि रोज सेटवर पोहोचल्याची व पॅक-अपची वेळ त्यात लिहावी. आणि काम देण्याआधी कार्डासाठी, रजिस्ट्रेशनसाठी, फोटोसाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरावे.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. चार बदल मागितले होते, दोन मिळाले. नोटीस दोन्हीकडे तीस दिवसांची झाली आणि मालिकेनंतरची बंदी गेली. किमान दिवसांची हमी मिळाली नाही, नव्वद दिवसही तसेच राहिले. अब्बांनी शेवटी होकार दिला, पण एका अटीवर. वही रोज रात्री ते स्वतः पाहणार.

"पहिल्या महिन्यात नऊ दिवस काम झाले," त्या म्हणाल्या. "पैसे अजून यायचे आहेत. पण किती आणि कधी, ते आम्हाला ठाऊक आहे."

वाचक बंधू-भगिनींनो, मालिका असो, दुकान असो की आखातातली नोकरी, घरात असा कागद आला तर सहीपूर्वी तो एक रात्र घरात राहू द्या. इंग्रजी येणाऱ्याकडून वाचून घ्या. घाई नेहमी सही मागणाऱ्याला असते.