रोल सरकलाच नाही!

प्रत्येक ऑफिसमध्ये एक तरी 'फोटोग्राफर' असतोच. म्हणजे असतो तो टेस्टिंगमध्ये किंवा एचआरमध्ये, पण शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या पाठीवरची बॅग बदलते. शनिवारी पहाटे सिंहगड, रविवारी पाषाण तलाव आणि सोमवारी लंच टेबलवर तीनशे बगळे! अलीकडे या जमातीत एक पोटजात निघाली आहे. ही मंडळी गळ्यात चाळीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा अडकवतात, त्यात चक्क रोल घालतात आणि 'ग्रेन' या विषयावर तासभर बोलू शकतात. मी दोन्हीकडची. डिजिटलवर सुरुवात केली, मग फिल्मकडे गेले आणि मधले काही महिने जाम असह्य झाले होते. माझ्या रूममेटला विचारा.

सुरुवात साधीच होती. दोन वर्षांपूर्वी पहिल्या बऱ्यापैकी चेकमधून (फ्रीलान्सरचा चेक किती महिन्यांनी येतो, हा वेगळ्या कॉलमचा विषय) सेकंडहँड डीएसएलआर घेतला आणि घरी यवतमाळला गेल्यागेल्या टिपेश्वर गाठलं. पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. पण इथलाच एक तरुण वाघ २०१९ मध्ये घर सोडून निघाला तो फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. रेडिओ कॉलरने मोजलेलं त्याचं अंतर भरलं तीन हजार किलोमीटरच्या आसपास. मला असं काही थोर दिसलं नाही. साडेतीन तासांत मी ४१२ फोटो काढले. बहुतेक एका वाघिणीच्या पाठीचे, तेही गवताआडून, आणि उरलेले पुढच्या जिप्सीतल्या काकांच्या टोपीचे.

हे सगळं मी दारव्ह्याच्या मामाला कौतुकाने दाखवायला गेले. मामाचा तिथे तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. आता त्याच गाळ्यात त्याचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. मामाने पंधरा-वीस फोटो पाहिले आणि चष्मा काढला.

"पोरी, याच्यातला त्वा कोणता काढला?"

"सगळे मीच काढलेत, मामा."

"सगळे तं कॅमेऱ्यानं काढले. त्वा कोणता काढला?"

मग त्याने ट्रंकेतून एक जड, काळा-चंदेरी ठोकळा काढला. पेंटॅक्स के-१०००. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा कॅमेरा जवळपास न बदलता निघत राहिला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यावर हात साफ केला. यात ऑटो नावाचं काही नाही. फोकस हाताने, शटर हाताने, रोल पुढे सरकवायचा तोही अंगठ्याने. सेल लागतो तो फक्त लाइट मीटरच्या काट्यासाठी, घड्याळाच्या दुकानात मिळतो तो बटणसेल. मीटर बंद करायला बटणही नाही. लेन्सवर टोपण लावायचं, अंधार झाला की मीटर झोपतो. पहिल्या महिन्यात मी टोपण विसरून दोन सेल संपवले.

आता थोडा अभ्यास. घाबरू नका, एकच परिच्छेद आहे. कॅमेऱ्याचा मीटर सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतो. त्याच्या मते शहाणं एक्स्पोजर म्हणजे राखाडी येईल ते. आता आमच्या जिल्ह्यात डिसेंबरमध्ये काय असतं? कापूस! समोर पांढराशुभ्र कापूस आणि मीटरचं ऐकून काढलेल्या फोटोत तो सिमेंटच्या पोत्यासारखा. उपाय सोपा आहे. मीटर सांगतो त्यापेक्षा एक-दीड स्टॉप जास्त उजेड आत घ्यायचा. डिजिटलवर हे मला दहा मिनिटांत कळलं, कारण मागच्या स्क्रीनवर चूक लगेच दिसते. फिल्मवर कळायला तीन आठवडे आणि एक कुरिअर लागलं असतं. म्हणून 'फिल्मवरच खरी फोटोग्राफी शिकता येते' असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि डिजिटल घ्या. एक्स्पोजर तिथेच शिका. फक्त उलटा धोका लक्षात ठेवा. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की परत हाती लागत नाही, निगेटिव्ह रोल मात्र जास्तीचा उजेड बराच पोटात घालतो. मामाच्या भाषेत, डिजिटलले ऊन सांभाळ अन् रोलले सावली.

मग फिल्मचा अट्टहास का? मामाने तेव्हा काही भाषण दिलं नाही. एक जुनं पाकीट काढून त्यातली निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. शकुंतला! मूर्तिजापूर-यवतमाळची आमची नॅरो गेज गाडी, इंग्रजांच्या काळात कापूस वाहून न्यायला टाकलेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. आता गाडीच बंद आहे आणि रुळांत बाभळी उगवल्या आहेत. मामाने ते इंजिन शेवटच्या दिवसांत दारव्ह्याला टिपलं होतं, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' ब्लॅक अँड व्हाइट रोलवर. ती रोलची फॅक्टरीही बंद पडली. पट्टी मात्र ट्रंकेत शाबूत. माझ्या कॉलेजच्या तीन वर्षांचे फोटो एका हार्ड डिस्कमध्ये होते. ती टेबलावरून पडली. विषय संपला.

तेव्हापासून मी फिल्मवाली झाले. एक रोल हजाराच्या घरात. डेव्हलप, स्कॅन, कुरिअर धरून माझा एक क्लिक चाळीस-पंचेचाळीस रुपयांना पडतो, म्हणजे कॅफेतला नाही तरी टपरीवरचा चहा तीन-चार वेळा. यवतमाळच्या मे महिन्यात रोल बाहेर ठेवला तर रंग उतरतात, म्हणून तो फ्रिजमध्ये. आईने कोथिंबिरीच्या डब्याशेजारी पिवळी खोकी पाहिली आणि 'हे कधी शिजवायचं?' असं विचारलं. मजा बघा, पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने, १९७५ मध्ये. ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. डिजिटलच्या लाटेत कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि आज माझ्यासारख्या पोरी त्याच कोडॅकचे रोल फ्रिजमध्ये जपतायत!

असो. आता खरं सांगायचं ते सांगते.

यवतमाळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर एक फोटो येतो. नाही म्हणू नका. मातीची भिंत, पदर घेतलेली बाई आणि तिच्या हातात हार घातलेली फ्रेम. मास कॉमला असताना आम्हाला असे दहा फोटो दाखवले गेले आणि त्यांच्या कॉम्पोझिशनवर चर्चा झाली. त्या फ्रेममधला फोटो कुणी बनवला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीसुद्धा. असे कितीतरी फोटो माझ्या मामाने बनवलेत. घरचे पासबुकावरचा नाहीतर लग्नाच्या ग्रुपमधला नखाएवढा चेहरा घेऊन यायचे. मामा तो मोठा करायचा, शेजारचा माणूस पुसायचा, मागे निळा रंग भरायचा, आणि घरच्यांनी सांगितलं तर अंगात कोट चढवायचा. आयुष्यात कधी कोट न घातलेला माणूस भिंतीवर मात्र कोटात. "पासबुकाच्या फोटोत कोणी हासते काय?" एवढंच मामा म्हणतो. त्याचा नियम एकच आहे. कुणाचाही फोटो काढलास तर कागदावर छापून त्याच्या हातात दे. मोबाइलवर पाठवलेला धरत नाही.

तर गेल्या पोळ्याला मामाच्या ओळखीच्या एका काकाजींनी निरोप पाठवला. दारव्ह्यापासून थोडं आत त्यांचं गाव. भाचीला म्हणावं, बैलजोडीसोबत आमचा फोटू काढ. मामा म्हणाला, "दोन्ही कॅमेरे घेऊन जाय." मी म्हटलं, आज फक्त फिल्म. हे वाक्य मी कोणत्या आवाजात म्हटलं असेन याची कल्पना करा आणि माझ्या वतीने शरमून घ्या.

काय प्रकाश होता पण! सकाळी पाऊस पडून गेलेला, वर पातळ ढग, कुठेही कडक सावली नाही. आदल्या दिवशी खांद शेकून झालेली. दोन्ही बैल पांढरे, अंगावर झुली, कपाळाला मठाठ्या, शिंगांना बेगड. काकाजी नव्या सदऱ्यात. काकूंनी पेटीतलं लुगडं नेसलेलं. पांढरे बैल, पांढरा सदरा, पांढरी टोपी, म्हणजे मीटरची पक्की फसगत. मी दीड स्टॉप वाढवला. एकदम प्रोफेशनल! काकूंना पुढे घेतलं, बैलांचे कान उभे व्हायची वाट पाहिली. तोरणाखाली झडत्या सुरू झाल्या, हशा उसळला आणि त्या क्षणी काकाजींनी डाव्या बैलाच्या मानेवर गाल टेकवला. मी क्लिक केलं. तो फोटो मला अजून पाठ आहे.

काउंटर छत्तीसवर आला. सदतीस. अडतीस. रोलमध्ये कधी कधी एखाददुसरा फोटो जास्त मिळतो, म्हणून मी खूश. चाळीसला पोटात गोळा आला. रोल संपला की लिव्हर अडतो. माझा मस्त फिरत होता. रोल परत गुंडाळायची चकती फिरवली तर ती हवेत फिरवल्यासारखी हलकी.

रोल भरताना त्याचं टोक उजवीकडच्या स्पूलमध्ये नीट अडकवायचं असतं. अडकलं नसेल तर तुम्ही क्लिक करत राहता, आकडे पुढे जात राहतात आणि आत रोल जागचा हलत नाही. ओळखायची खूण एकच. लिव्हर ओढताना डावीकडची ती चकतीही फिरली पाहिजे. मामाने मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तरी मी रोल मुंबईच्या लॅबला पाठवला. आशा वेडी असते. आठ दिवसांनी मेसेज आला, 'मॅम, रोल ब्लँक आहे.' सोबत पट्टीचा फोटो. कोरी, आरपार नारिंगी. कडेला कंपनीचं नाव आणि १ ते ३६ आकडे मात्र स्वच्छ उमटलेले. म्हणजे लॅबचं केमिकल ठीक होतं. चूक सगळी माझी.

काकाजींचे मामाला फोन येत राहिले. फोटू आले काय? मी सांगत राहिले, लॅबमध्ये गर्दी आहे. दोन महिने सांगितलं. वाटलं, दिवाळीत दोन्ही कॅमेरे घेऊन जाऊ, जोडी पुन्हा सजवू, चांगले शंभर फोटो काढू, गुपचूप अदलाबदल करू. गेले तर गोठा रिकामा. एका बैलाचा पाय गेला होता. "एकट्याले ठेवून काय करू? पेरणीले तसाही टॅक्टरच सांगतो आता," काकाजी म्हणाले. दोन्ही विकले. खुंट्याला दावं तेवढं होतं.

मग मी सांगितलं. चकती, स्पूल, कोरी पट्टी, लॅबची गर्दी खोटी होती तेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे एवढे सारे दाबले, त्याच्यात एकही नाही?"

"एकही नाही, काकाजी."

"अन् मी गाल टेकवला तो?"

त्यावर मला काही बोलता आलं नाही. काकूंनी चहा ठेवला.

शेवटी शेजारच्या एका पोट्ट्याच्या मोबाइलमध्ये पोळ्याच्या दिवशीचा एक फोटो निघाला. मेमरी भरली म्हणून मूळ फोटो त्याने उडवला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला तरी पाठवलेला तेवढा उरला होता. तिरपा, कोपऱ्यात बोट आलेलं, एका बैलाचं अर्धंच तोंड. मामाने तो उघडून मान हलवली. "सहा बाय आठच्या वर ताणला तं फुटते." रात्री दोन तास बसून त्याने ते बोट पुसलं, क्षितिज सरळ केलं. कोट चढवला नाही. दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन आम्ही गेलो.

काकाजींनी फ्रेम उजेडाकडे धरली. "याच्यात तं मी झोपेल दिसतो."

"झोपेना का," काकू म्हणाल्या, "बैल तं जागे हायेत."

फ्रेम कॅलेंडरच्या खिळ्याला लागली, कॅलेंडर दाराआड गेलं. मी विचारलं, आता तुमचा दोघांचा काढू का, ओसरीवर? काकूंनी पदर सारखा केला. मी डिजिटलवर आधी चार काढले, स्क्रीनवर दाखवले. मग के-१००० उघडून त्यांच्यासमोरच नवा रोल भरला, टोक दोनदा तपासलं. काकाजी खाटेवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी लिव्हर ओढला.

"फिरून राह्यली काय ते चकती?" त्यांनी विचारलं.

"फिरून राह्यली."

मग ते जाऊन बसले.