बिनमुदतीची कोठडी

5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून 104 भारतीय अमृतसरला उतरले. प्रवासभर त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांत तिघे महाराष्ट्राचे. देवगाव फाट्यावर सेलू-जिंतूरच्या गाड्यांची वाट पाहणारे लोक त्यांच्याबद्दल बोलत, तेव्हा तीन गोष्टी हमखास ऐकू येत. तिन्ही खोडून काढायला हव्यात.

पहिली : ‘कागद नसताना गेले, आता भोगा.’ पण अशा स्थलांतरितांना अमेरिकेत ज्या कोठडीत ठेवतात ती कायद्याने शिक्षाच नाही, ती प्रशासकीय आहे. चोराला न्यायाधीश शिक्षेची मुदत सांगतो. त्या कोठडीत आश्रय मागणाऱ्याने कायद्यानेच मुभा दिलेला अर्ज केलेला असतो, तरी त्याला तारीख मिळत नाही आणि सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही.

दुसरी : ‘दोन वेळचं फुकट मिळतं ना?’ मिळते. सोबत ठरावीक रंगाचा गणवेश, पाळीपाळीला डोकी मोजणे आणि दिवसभर झाडलोट केली तर 1 डॉलर. फाट्यावर एसटी उशिरा आली तरी ती येणार हे ठाऊक असते आणि कंटाळलेला माणूस पायी निघू शकतो. कोठडीत निकाल कधी लागेल हे माहीत नाही आणि निघण्याची सोय नाही. माणूस खचतो तो यानेच.

तिसरी : ‘सोडलं तर पळून जातील.’ याचे उत्तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. आसामात परदेशी ठरवून तीन वर्षांहून अधिक काळ कोंडलेल्यांना जामीनदार, पडताळलेला पत्ता, बोटांचे ठसे आणि आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी या अटींवर सोडण्याची मुभा त्याने मे 2019 मध्ये दिली. 2020 मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणली. म्हणजे नजर ठेवायला भिंतच लागते असे नाही.

देशात कोणी राहावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो निर्णय रखडला तर त्याची किंमत कोंडलेल्याने का मोजावी? हद्दपारीचा हुकूम झाल्यावरही माणसाला बेमुदत डांबता येत नाही, साधारण सहा महिने पुरेत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये म्हटले. निकालाची वाट पाहणाऱ्यांना मात्र ठरावीक काळाने जामिनाची सुनावणी देण्याची तरतूद कायद्यात नाही, असे त्याच न्यायालयाने 2018 मध्ये ठरवले. हरलेल्याला मुदत आणि ज्याचा निकालच लागलेला नाही त्याला ती नाही, हा कुठला न्याय?

आपल्या संविधानाचे कलम 21 जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण ‘नागरिका’ला नव्हे, ‘व्यक्ती’ला देते. म्हणून मागणी दोन्हीकडे एकच हवी : कोठडीला कायद्याने कमाल मुदत, ठरावीक काळाने न्यायाधीशापुढे सुनावणी, वकील, आणि हजेरीवर सुटका हा पहिला पर्याय. अमेरिकेतल्या आपल्या माणसासाठी हे मागायचे, तर आसामातल्या कोंडलेल्यासाठीही तितक्याच ठामपणे मागितले पाहिजे.