वर्षाच्या हिशेबांतील जमा

बीडचे खासदार श्री. बजरंग सोनवणे जून २०२४ मध्यें अवघ्या ६,५५३ मतांनीं निवडून आले. इतक्या निसटत्या कौलाच्या प्रतिनिधीनें मतदारांस वर्षाचा हिशेब दिलाच पाहिजे. पण त्यांत जमेस काय धरावें? अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्ग १९९५ सालीं मंजूर झाला, आणि बीडास गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजीं! तें श्रेय कोणा एकाच्या एका वर्षाचें नव्हे. खरी जमा निराळी. दरसाल कोयता घेऊन घर सोडणाऱ्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारास २०१९ सालीं चौकशी करावी लागली. त्यांच्याविषयीं सभागृहांत कोणते प्रश्न विचारले व उत्तर काय मिळालें, हें आमच्या व्यापारी बंधूंनीं अहवालांत प्रथम शोधावें. उद्घाटनांचीं छायाचित्रें मागाहून पाहतां येतील.